सोळा नंबरचे बूट

बास्केटबॉलच्या सामन्यात संघाच्या बाकावर अगदी शेवटच्या खुर्चीत एक माणूस बसलेला असतो. तो खेळत नाही, शिकवत नाही आणि कुणी पडलं तर धावतही जात नाही. अंगावर संघाचा टी-शर्ट असतो, पण पोट खेळाडूचं नसतं. टीव्हीवर सामना बघणारे विचारतात, हा कोण? आखातात त्याला 'इदारी' म्हणतात, म्हणजे संघाची व्यवस्था पाहणारा. दुबईतल्या एका क्लबात मी बरीच वर्षं इदारी होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो.

त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो. नाव आधी तपासायचं आणि विशेषण आधी कापायचं, एवढं तिथे शिकलो. पुढे क्रीडा पानाच्या जागेवर जाहिराती आल्या आणि दुबईच्या देरा भागात ठेकेदारी करणाऱ्या मेहुण्याने मला इकडे बोलावून घेतलं. त्याच्या ऑफिसात माझा काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही लवकरच कळलं. त्याच्या ओळखीतल्या एका क्लबाला इंग्रजी पत्रव्यवहार करणारा आणि खेळाचे नियम ठाऊक असलेला माणूस हवा होता. माझ्याविषयी एवढं पुरे.

इदारीचं काम अवघड नाही, फक्त ते संपत नाही. स्थानिक खेळाडू आपापल्या घरून येतात. त्यांच्या बाबतीत प्रश्न असतो तो वेळेवर येण्याचा. खरं काम परदेशी खेळाडूचं. त्याला विमानतळावरून आणायचं, वैद्यकीय तपासणी करून घ्यायची, व्हिसा, घर, सिम कार्ड, सरावानंतर बर्फाची पिशवी. शिवाय त्याची उंची ही एक स्वतंत्र जबाबदारी असते. भाड्याच्या घरातले पलंग साधारण माणसाच्या मापाचे असतात. आमचे पाहुणे दाराच्या चौकटीला कपाळ आपटत आत येत आणि रात्री पाय पलंगाबाहेर काढून झोपत. मी देरातल्या एका सुताराकडून पलंगाच्या पायथ्याशी जोडता येतील अशी गादीवाली स्टुलं करून घेतली. वर्तमानपत्राच्या सवयीने मी त्यांना 'पुरवणी' म्हणत असे. क्लबातले इजिप्शियन, फिलिपिनो आणि मल्याळी सहकारीही पुढे तोच शब्द वापरू लागले. 'मिस्टर शिरीष, नवीन माणूस येतोय, पुरवणी काढा.' या शब्दाचा अर्थ त्यांनी मला कधी विचारला नाही.

दुसरी जबाबदारी कागदांची. परदेशी खेळाडू जिथे आधी खेळला, त्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय त्याला मैदानात उतरता येत नाही. त्या काळी इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि युरोपातली शनिवार-रविवारची. आता इथला आठवडा बदलला आहे, पण तेव्हा दोन्हीकडची ऑफिसं एकाच वेळी उघडी असण्याचे दिवस थोडे होते. एकदा लिथुआनियाचा एक अवाढव्य सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा संघातला सर्वांत उंच गडी, गुरुवारी दुपारी उतरला. त्याचं पत्र कुठल्या तरी टेबलावर सहीवाचून पडलं होतं आणि त्या टेबलाचा मालक सुट्टीवर गेला होता. शुक्रवारच्या सामन्याला तो गडी कोट-टाय घालून माझ्या शेजारी बसला. आम्ही थोडक्यात हरलो. आमचे प्रशिक्षक हिशाम, कैरोचे. इथे खेळातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कॅप्टन म्हणतात, म्हणून कॅप्टन हिशाम. ते सामन्यानंतर शांतपणे म्हणाले, "मिस्टर शिरीष, आज तुमच्या शेजारी दुबईतला सर्वांत उंच प्रेक्षक बसला होता."

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'एखादा लक्षात राहिलेला खेळाडू' असं सुचवलं, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. तो आमच्या क्लबातला सर्वोत्तम खेळाडू नव्हता. नाव डॅरेल, देश अमेरिका, जागा फॉरवर्ड.

फॉरवर्ड म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. पाच जणांच्या संघात दोन फॉरवर्ड असतात. वर्तमानपत्रात त्यांचे गुण छापून येतात, खरं काम छापून येत नाही. चेंडू रिंगवर आपटून परत येतो तेव्हा तो पकडायला दोन्ही संघांची झुंबड उडते. चांगला फॉरवर्ड त्या क्षणी चेंडूकडे बघत नाही. तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करतो, कंबर मागे रेटून त्याला अडवून धरतो आणि चेंडू आपल्याच दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देतो. याला बॉक्स-आउट म्हणतात. चेंडू ज्याच्या हातात पडला त्याच्या नावावर तो लागतो. ज्याने पाठीवर माणूस झेलला त्याच्या नावावर काहीच लागत नाही.

डॅरेल हे काम अमेरिकेत कॉलेजात शिकला. तिथलं कॉलेज बास्केटबॉल ही आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखी गोष्ट नव्हे. मोठमोठी सभागृहं भरतात, सामने टीव्हीवर दाखवतात आणि विशीतल्या मुलाला गावभर ओळखतात. पण कॉलेजकडून ठरावीक वर्षंच खेळता येतं. मग एका वसंतात एक सामना हरला की सगळं संपतं, आणि मुलगा अजून धड पंचविशीचाही नसतो. डॅरेलने मला ही गोष्ट विमानतळावरून येताना, पहिल्याच दिवशी सांगितली. ओहायोतल्या त्याच्या लहान गावात एक न्हावी होता. कॉलेजची सगळी वर्षं डॅरेलला त्याच्या दुकानात कधी थांबावं लागलं नव्हतं. दारात आला की खुर्ची रिकामी. मग व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ती संध्याकाळ आली. घरात सगळी आळी टीव्हीपुढे जमली होती. केकवर त्याचं नाव होतं, टीव्हीवर आलं नाही. पुढच्या आठवड्यात तो केस कापायला गेला. न्हावी कात्री न थांबवता म्हणाला, "बस, तुझ्याआधी दोघं आहेत."

"तेव्हा मला कळलं," डॅरेल म्हणाला, "की कॉलेज संपलं."

त्यानंतर अशा फॉरवर्डसाठी जग मोठं असतं आणि प्रत्येक ठिकाणचा मुक्काम लहान. स्लोव्हाकिया, तुर्कस्तान, लेबनॉन, बहारीन आणि मग आम्ही. आमच्याकडे आला तेव्हा तो तिशी ओलांडून पुढे गेलेला होता. बरोबर बायको रेने आणि मुलगी नेओमी. नेओमी चौथीत होती आणि कुठल्याच शाळेत तिचं एक वर्ष धड पुरं झालेलं नव्हतं. 'मी नवीन आहे' हे वाक्य तिला चार भाषांत म्हणता येत असे. डॅरेलने क्लबाकडे मोठं घर किंवा मोठी गाडी मागितली नाही. त्याने मला एवढंच विचारलं, "इथली शाळा जूनपर्यंत असते ना? तेवढं पुरं होऊ दे." अल बर्शातल्या एका शाळेत मी स्वतः जाऊन तिचा प्रवेश केला. शाळेसमोरच्याच इमारतीत त्यांना घर दिलं.

आता या धंद्यातली एक रीत सांगतो. परदेशी खेळाडूकडून क्लबाला गुण हवे असतात, आणि ते मिळेनासे झाले की त्याला हंगामाच्या मध्यात बदलतात. यात वावगं कुणाला वाटत नाही. रीत अशी, की जुन्याला सांगण्याआधी नवा आणायचा. जुन्याला आधी सांगितलं तर तो पुढचा सामना मनापासून खेळत नाही, असं सगळे क्लब धरून चालतात. त्यामुळे काही दिवस दोघंही एकाच शहरात असतात. एकाला सरावाला नेणारा आणि दुसऱ्याला विमानतळावरून आणणारा माणूस मात्र एकच असतो. माझी बायको मेधा, मी पहाटे गाडीची किल्ली उचलली की अंथरुणातूनच विचारायची, "आज स्वागत की बोळवण?" बहुतेक वेळा दोन्ही, असं उत्तर असे.

डॅरेल आल्यापासून आमच्या स्थानिक मुलांचा खेळ सुधारला होता. चेंडू त्यांच्या हातात पडत होता. डॅरेलचे गुण मात्र रोडावले. क्लबाचे अध्यक्ष अबू सैफ. त्यांचा मसाल्याचा पिढीजात व्यापार. देराच्या बाजारात भारतीय व्यापाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून वाढलेले, त्यामुळे हिंदी घरच्यासारखं बोलत. त्यांनी एक दिवस कॅप्टन हिशामना विचारलं, की तीस गुणांसाठी आणलेला माणूस बारा का देतो. कॅप्टननी बॉक्स-आउट समजावून सांगितलं. अबू सैफ ऐकून घेऊन म्हणाले, की दुकानात माल भरणारा असावाच, पण विकणारा कोण आहे?

त्यानंतर एका बुधवारी सकाळी मी ब्राइसला आणायला गेलो. कॉलेज नुकतंच संपवलेला फॉरवर्ड, पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर पडलेला. तो पायांत मोजे आणि त्यावर रबरी चपला घालून बाहेर आला. हातात एक उशी होती. सामान मधल्या विमानतळावर राहिलं होतं. दोन दिवसांत येईल, इन्शाल्ला, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. ब्राइसने मला विचारलं, "इन्शाल्ला म्हणजे कधी?"

गुरुवारी सकाळी अबू सैफ त्याची चाचणी बघायला येणार होते. बूट सामानात होते आणि पायाचं माप अमेरिकन सोळा. अल बर्शातल्या मॉलमध्ये तेरापर्यंत मिळत होते. मी देराला गेलो. तिथे वेंगुर्ल्याच्या सावंतांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. क्लबाची बरीच खरेदी त्यांच्याकडून होते. मी माप सांगितलं. सावंतांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"शिरीषभाऊ, हे बूट आहेत की होडी?"

"थट्टा नको. उद्या सकाळी हवेत."

"मग इथून सरळ खाडीच्या धक्क्यावर जा. लाकडी गलबतं लागलेली आहेत. एखादं जोडीत मिळतंय का बघा." मग त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. फोन ठेवून म्हणाले, "या मापाचा पाय तुमच्याकडे आधीपासून एक आहे ना? तो कुठून घेतो?"

डॅरेल अमेरिकेहून मागवत असे. सगळ्या दुबईत मला ठाऊक असलेले सोळा नंबरचे बूट त्याच्याच कपाटात होते.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. रेनेने दार उघडलं. नेओमी टेबलावर अरबीचा गृहपाठ करत होती. मला बघून म्हणाली, "मिस्टर शिरीष, उंटासाठी अरबीत इतके शब्द कशाला हवेत?" मी म्हणालो, त्यांच्याकडे उंट जास्त होते. तिने ते वहीत लिहून टाकलं.

डॅरेलशी मी इंग्रजीत बोलत असे, आणि ते संभाषण मला जसं आठवतं तसं देतो. मी म्हणालो, क्लबात एक पाहुणा आलाय, त्याचं सामान हरवलंय, बूट हवेत. कॅप्टननी मला शुक्रवारच्या सामन्यापर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं.

"कोणतं माप?"

"तुझं."

"पाहुणा सेंटर आहे की फॉरवर्ड?"

मी नेओमीच्या वहीकडे बघितलं. या धंद्यात तेही उत्तरच असतं.

डॅरेल उठून कपाटापाशी गेला. खाली दोन जोड होते. एक वापरून मऊ झालेला, दुसरा कोरा करकरीत. कोऱ्या जोडाच्या दोन्ही टाचांवर नेओमीने जाड मार्करने आपलं नाव लिहून ठेवलं होतं. अमेरिकन कॉलेजातल्या खेळाडूंची ही सवय, बुटांवर आपल्या माणसाचं नाव लिहिण्याची. डॅरेलने कोरा जोड उचलला.

"ते शुक्रवारचे आहेत," नेओमी टेबलावरून म्हणाली.

"शुक्रवारी जुने चालतील."

"तो परत देणार आहे?"

"देईल."

दारापर्यंत तो माझ्याबरोबर आला. म्हणाला, "तुर्कस्तानात मी असाच एकाच्या जागी गेलो होतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचंच घर दिलं, फ्रिजमध्ये त्याचं अर्धं दूध तसंच होतं. लिफ्टपाशी तो बॅगा घेऊन उभा दिसला. तोच म्हणाला, गरम पाणी उजव्या नळाला येतं, पण वेळ लागतो." डॅरेलने बूट माझ्या हातात दिले. "त्याला सांगा, डाव्या बुटाचं वरचं भोक सोडून नाडी बांध. नाहीतर घोट्याला लागतो."

मग आवाज खाली करून त्याने विचारलं, "माझा करार संपला की व्हिसाचं काय?"

आखातात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हे उत्तर पाठ असतं. नोकरी गेली की व्हिसा जातो. बायको-मुलं त्याच व्हिसावर असतात, त्यामुळे त्यांचाही जातो. आवराआवरीसाठी थोडी मुदत मिळते. मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने मागे वळून टेबलाकडे पाहिलं. नेओमी उंटाचं चित्र काढत होती.

"जूनपर्यंत नाही पुरणार," तो म्हणाला.

"नाही."

गुरुवारी ब्राइसची चाचणी झाली. मुलगा चांगला होता. त्याची उडी बघून आमचा फिलिपिनो मालीशवालासुद्धा हातातलं काम सोडून उभा राहिला. अबू सैफ पहिल्या रांगेत चपला काढून, एक पाय दुमडून बसले होते. मी त्यांच्या शेजारी. ब्राइसने आमच्या अगदी समोर चेंडू रिंगमध्ये कोंबला आणि पाठमोरा खाली आला. अबू सैफ पुढे वाकले.

"शिरीष, ये नेओमी कौन है? इसकी बीवी?"

"डॅरेल की बेटी."

"अपने डॅरेल की? उसका नाम इसके जूते पे क्यों है?"

"जूता डॅरेल का है. इसका सामान नहीं आया."

"डॅरेल को मालूम है, ये लडका क्यों आया है?"

"मालूम है."

"किसने बोला?"

"किसी ने नहीं. मैंने जूते का नंबर बोला, वो समझ गया."

अबू सैफ मागे टेकले. पुढची चाचणी त्यांनी बघितली, पण ती बहुतेक बुटांकडे बघत बघितली. निघताना कॅप्टनना म्हणाले, मुलगा ठेवा. मला म्हणाले, कागद तयार करा.

शुक्रवारी डॅरेल जुने बूट घालून खेळला. स्टँडमध्ये ब्राइस बसला होता, नेओमीच्या नावाचे बूट घालून. पायांत घालायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. हा आपला इथला शेवटचा सामना, हे डॅरेलला ठाऊक होतं. क्लबांचा जो समज मी वर सांगितला, त्यानुसार त्याने अंग राखून खेळायला हवं होतं, निदान स्वतःसाठी गुण तरी मिळवायला हवे होते, पुढच्या एखाद्या क्लबाला दाखवायला. तो नेहमीसारखाच खेळला. चेंडू हवेत गेला की प्रतिस्पर्ध्याकडे पाठ, कंबर मागे. आमच्या स्थानिक मुलांनी त्या दिवशी सगळे चेंडू लुटले. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात डॅरेलचं नाव नव्हतं. मी बातमी लिहीत असतो तर कदाचित माझ्याही बातमीत आलं नसतं.

शनिवारी अबू सैफ यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, आम्ही कागदांवर सह्या घ्यायला जमलो. कॅप्टन हिशाम, मी आणि अबू सैफ. कॉफीवाला आला. ती कॉफी छोट्या बिनकानाच्या कपात देतात. त्याला फिंजान म्हणतात. तो उजव्या हाताने घ्यायचा, आणि पुरे झाली की हलवून परत द्यायचा, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. त्या दिवशी माझ्या एका हातात कराराची फाइल होती. अबू सैफनी व्हिसा रद्द करण्याचा कागद मागितला. फाइल उघडायला दोन्ही हात हवे होते. मी कॉफी तशीच, न पिता, समोरच्या टेबलावर ठेवली.

कॅप्टन हिशाम बोलता बोलता थांबले. कॉफीवाला जागीच उभा राहिला. अबू सैफनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माँगो," ते म्हणाले.

मला समजलं नाही. कॅप्टननी खालच्या आवाजात सांगितलं. इथल्या लोकांत जुनी चाल आहे, की पाहुण्याला यजमानाकडे काही मागायचं असेल तर तो कॉफी न पिता खाली ठेवतो. मागणं पुरं होईपर्यंत तो पीत नाही. आणि पाहुणा कॉफी न पिता उठला तर ती नामुष्की यजमानाची. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मी कप कधी खाली ठेवला नव्हता. हात रिकामा करायला ठेवला, एवढं सांगून मी तो पुन्हा उचलू शकलो असतो. मागणं हे इदारीचं काम नाही. कागद आणणं हे त्याचं काम.

मी कप उचलला नाही.

"डॅरेल की बेटी का स्कूल," मी म्हणालो. "जून तक."

"बस?"

"बस."

अबू सैफनी जपमाळेचे मणी ओढले. मग त्यांनी कॅप्टनना अरबीत काही विचारलं. कॅप्टन म्हणाले, ज्युनियर मुलांना शिकवायला माणूस नाही, हे खरं आहे. आणि जोडीला इंग्रजीत म्हणाले, "बास्केटबॉलमध्ये भावना नसतात, फक्त फाउल असतात. पण हा माणूस शिकवू शकेल."

"खिलाडी खलास," अबू सैफ मला म्हणाले. "आदमी रहेगा. जून तक क्यों, उसका काम अच्छा रहा तो आगे भी. अब कॉफी पीओ. ठंडी हो गई तो बदनामी मेरी है."

ती कॉफी थंड झालेली होती. मी प्यायलो. मेधाला रात्री सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं नुसता कप खाली ठेवायचा अवकाश होता?" त्या मजलिसमध्ये मी किती जणांचे कागद घेऊन गेलो आणि किती कप कॉफी पिऊन परत आलो, हे आठवलं की थोडं जड वाटतं. त्यानंतर मात्र मी एक रीत मोडली. नव्याला आणायला विमानतळावर जाण्याआधी जुन्याच्या घरी जाऊन त्याला सांगायचं. कॅप्टन हिशाम दोन आठवडे नाराज होते. ज्यांना आधी सांगितलं त्यांच्यापैकी पुढचा सामना वाईट खेळला असा कुणी मला आठवत नाही. ब्राइसलाही पुढच्या वर्षी मीच सांगितलं. त्याने डॅरेलचे ते बूट पुसून, नाड्या काढून, माझ्या टेबलावर आणून ठेवले.

ते बूट क्लबाच्या कपाटात आहेत. आणखी दोघा-तिघांचं सामान उशिरा आलं तेव्हा त्यांनी ते वापरले. टाचेवरचं नाव पुसट झालं की नेओमी येऊन त्यावरून मार्कर फिरवून जात असे.

डॅरेल ज्युनियर मुलांना शिकवू लागला आणि तो अजून शिकवतो. माझा मुलगा ओंकार त्याच्या हाताखाली होता. इथेच जन्मलेला, इंग्रजीत उत्तरं देणारा. पहिल्या आठवड्यातच घरी येऊन त्याने तक्रार केली, "बाबा, ही डझन्ट लेट अस शूट. फक्त पाठीने ढकलायला शिकवतो." मी म्हणालो, शिक. एवढ्या उंच माणसांत दिवस काढताना मला कुणी कधी कमी लेखलं नाही. त्यांच्यातल्या एकाने माझ्या मुलाला पाठ कशी द्यावी ते शिकवलं. या नोकरीने मला बरंच दिलं. त्यात मी ही गोष्ट सगळ्यांत वर धरतो.

निवृत्तीनंतर आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसला राहायला आलो. या जूनमध्ये डॅरेलचा फोन आला. नेओमीच्या बारावीचा निरोप समारंभ होता, अल बर्शातल्या त्याच शाळेत. मी आणि मेधा गेलो. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत पालक फोन उंचावून बसले होते. रेने तिसऱ्या रांगेत होती, तिने मेधाला शेजारी बसवलं. डॅरेल दिसेना. मी मागे वळलो. तो सगळ्यात शेवटी, भिंतीला पाठ लावून उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो.

"पुढे जागा आहे," मी म्हणालो.

"मी बसलो की मागच्या तीन रांगांना काही दिसत नाही. मी शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात इथेच असतो." मग म्हणाला, "याआधी कोणत्याही एका भिंतीला मी इतकी वर्षं पाठ लावून उभा राहिलो नव्हतो."

नावं पुकारली जात होती. मुलं मंचावर येत, प्रमाणपत्र घेत आणि डोळे बारीक करून त्या गर्दीत आपली माणसं शोधत. काहींना ती सापडत, काही शोधत शोधतच खाली उतरत.

नेओमीचं नाव आलं. तिने प्रमाणपत्र घेतलं, मान वर केली आणि सरळ शेवटच्या भिंतीकडे पाहिलं. तिला शोधावं लागलं नाही.